तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास रसायनशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत पाच-सहा मोबाइल एकदमच वाजले. गोदातीर विद्यापीठाकडून सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांना एकच ई-मेल आला होता. ‘संशोधक विद्यार्थी अनुभव सर्वेक्षण. आपला अनुभव मोकळेपणाने कळवा. मुदत : शुक्रवार, सायंकाळी पाच.’

विशाखानं तो दोनदा वाचला.

विशाखा पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातून नांदेडला येऊन तिनं इथवर मजल मारली होती. प्रबंध लिहून झाला होता. आता मार्गदर्शकांची एक सही मिळाली की तो जमा व्हायचा. त्या एका सहीसाठी ती दोन महिने जपून पावलं टाकत होती. सरांसमोर आवाज चढवायचा नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि नेमकं आत्ताच कुणीतरी विचारत होतं, की बाई, तुझा अनुभव सांग!

“डिलीट मार,” शेजारच्या टेबलावरून आदिनाथ म्हणाला. तो तिच्याच बरोबरीचा संशोधक. “कशाला विस्तवाशी खेळायलीस?”

“नाव गुप्त राहील असं लिहिलंय खाली.”

“लिहायला काय जातंय त्यांचं? रसायनशास्त्र, चौथं वर्ष, मुलगी. विभागात अशी तू एकटीच हाईस. वेगळं नाव लिहायची गरजच काय?”

विशाखाचा हात मोबाइलवरच थांबला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक, डॉ. शरदचंद्र देवणीकर दारातून डोकावले. “ते सर्वेक्षण आलंय, बघितलं असेल सगळ्यांनी. विभागाचं नाव राखा बरं का,” म्हणाले आणि पुढं गेले.

एवढंच. त्यात दरडावणी नव्हती, राग नव्हता. पण सही अडकलेल्या माणसाला साहेबाच्या साध्या वाक्यातही चार अर्थ दिसतात. विशाखाला पाच दिसले. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास असंच सर्वेक्षण आलं होतं, तेव्हा तिनं चहा पिता पिता दोन मिनिटांत सगळ्या प्रश्नांना ‘समाधानी’ ठोकून दिलं होतं. यंदा तर उघडायचंच नाही, असं तिनं ठरवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

सांगण्यासारखं काही नव्हतं असं मात्र नाही. तिसऱ्या मजल्यावर मुलींसाठी एकच स्वच्छतागृह होतं, आणि आठ महिन्यांपासून त्याला कुलूप होतं. आधी पाइप फुटला. मग दुरुस्तीवाले येणार म्हणून दार बंद केलं. दुरुस्तीवाले आलेच नाहीत, आणि बंद खोली रिकामी कशाला म्हणून कुणीतरी तिथं मोडक्या खुर्च्या आणि जुने संगणक रचले. किल्ली कुणाकडं, हे विचाराल त्याला ठाऊक नव्हतं. रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान मिळून त्या मजल्यावर चौदा मुली काम करायच्या. त्यांना जायचं तर मैदान ओलांडून प्रशासकीय इमारतीत. दहा मिनिटं जायला, दहा यायला. एकदा प्रयोग लावला की तीन-तीन तास जागचं हलता येत नाही.

मग मुलींनी आपापला उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही! नांदेडचा मार्च महिना, बाहेर ऊन रटरटतंय, आत बर्नर पेटलेले, आणि या शिकलेल्या मुली सकाळी पेलाभर पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत कोरड्या घशानं काम करायच्या. आणि याची कुणाला लाज वाटायची? तर त्यांनाच!

मंगळवारी दुपारी ऋतुजा थंडीनं कुडकुडायला लागली. ऋतुजा धर्माबादची, पहिल्या वर्षाला, सगळ्यांत लहान. “ताई, पाठ लई दुखायलीय,” एवढंच ती म्हणाली आणि उभ्या जागी खाली बसली. विशाखानं कपाळाला हात लावला. चटका बसला. आदिनाथनं रिक्षा आणली आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई कागद बघत खाटेपाशी आल्या.

“मूत्रमार्गाचा संसर्ग आहे, आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढलाय. ॲडमिट करावं लागेल. दिवसात पाणी किती पितेस?”

ऋतुजानं विशाखाकडं बघितलं. “सकाळी एक पेला. मग रूमवर गेल्यावर.”

“का? पाणी नाही तिथं?”

“पाणी हाय...” ऋतुजानं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी मग विशाखाकडं नजर वळवली. “आणि तुम्ही?”

विशाखानं खाटेची चादर सारखी केली. गेल्या दिवाळीत तिलाही असाच ताप येऊन गेला होता. तिनं गोळ्या खाल्ल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

*

बुधवारी विशाखाची आई नांदेडात होती. तारामतीबाई गावात आशा कार्यकर्ती होत्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. दुपारच्या सुट्टीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेली पिशवी घेऊन त्या थेट दवाखान्यात आल्या. ऋतुजाला झोप लागली होती. मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या.

सगळं ऐकून घेतल्यावर तारामतीबाई म्हणाल्या, “आठ महिने कुलूप, आन् तुम्ही चौदा जणी गप? कामून?”

“अर्ज दिला होता आई एकदा. फाइलीत गेला.”

“बरं. आन् त्यानंतर कुणी इचारलंच न्हाई?”

“विचारलंय. परवाच सर्वेक्षण आलंय. काय अडचण आहे ते कळवा म्हणून.”

“मग?”

“भरलं नाही.”

तारामतीबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

“सर्वेक्षण? आगं, चौदा वर्सं मी दुसरं काय करून राहिले! दारोदार रजिस्टर घेऊन हिंडते, लोकांच्या शिव्या खाते. आन् माझीच लेक म्हणते भरलं न्हाई?”

“तुला नाही कळायचं ते. माझी सही अडकलीय सरांपाशी. नाव कळलं तर?”

समोर एक बाई सलाइनची बाटली उंच धरून पोराला घेऊन चालली होती. ती आत गेल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, “आपल्या गल्लीतला शेषेराव आठवतो का तुला?”

“टीबीनं गेले ते?”

“हाव. मी त्यांच्या दारात गेले व्हते. घरात कुणाला दोन हप्त्यांच्या वर खोकला हाय का म्हणून इचारलं. त्याची बायको म्हणली, न्हाई बाई, कुणालाच न्हाई. पोरीची सोयरीक जमायली व्हती ना त्यांच्या. आन् ती दारात न्हाई म्हणत असताना शेषेराव आत खोकत व्हता. मला ऐकू येत व्हतं, विशाखे! पण ती न्हाई म्हणली, म्हणून मीबी ‘न्हाई’ लिवलं. कशाला कुणाचं लगीन मोडा!”

“मग?”

“मग काय? सहा महिन्यांनी शेषेराव गेला. तवर नातवाला लागण झाली व्हती. दवाखान्यात औषध फुकट पडून व्हतं गं. पण कागदावर आमच्या गावात खोकलाच नव्हता, तर औषध कुणासाठी येणार? त्या दिवसापासून मी एक शिकले. ज्या दुखण्याला कागदावर जागा न्हाई, त्याला दवाखान्यात खाट मिळत न्हाई.”

विशाखाचे डोळे भरून आले. ती पुटपुटली, “भीती वाटते आई.”

“वाटणारच. भिऊ नको असं मी म्हणत न्हाई. पण जिथून कागद आलाय तिथं जाऊन इचार तरी, की नाव कुठवर जातंय. भ्यायचंच असंल तर पुरती माहिती काढून भ्यावं माणसानं!”

*

सर्वेक्षणाचं काम संख्याशास्त्राच्या मालविका मॅडम बघत. त्याच दुपारी त्यांच्या खोलीच्या दारापाशी विशाखा दोनदा जाऊन माघारी फिरली. तिसऱ्यांदा मॅडमनीच हाक मारली. “आत या. काय हवंय?”

“मॅडम, सर्वेक्षण भरलं तर... म्हणजे कुणी भरलं तर... नाव कळतं का?”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. “खरं ते सांगते. ई-मेलची यादी माझ्याकडं असते, कारण एकानं दोनदा भरू नये. उत्तरं येतात ती यादीपासून वेगळी होऊन. कुणी काय लिहिलं ते मलाही कळत नाही. आणि एखाद्या गटातून दहापेक्षा कमी उत्तरं आली, तर तो गट आम्ही अहवालात वेगळा दाखवतच नाही. नाहीतर एकट्यादुकट्याला लोक लगेच ओळखतील.”

विशाखाला हायसं वाटलं. पण लगेच तिच्या डोक्यात दुसरा विचार आला. “म्हणजे आमच्या मजल्यावरच्या नऊच मुलींनी लिहिलं, तर?”

“तर त्या नऊ जणींचं म्हणणं वेगळं दिसणार नाही. सगळ्यांच्या आकड्यांत मिसळून जाईल.” मॅडमनी कपाटातून गेल्या वर्षीचा अहवाल काढला. “हे बघा, तुमची इमारत. एकशे सव्वीस संशोधक, उत्तरं अकरा. आणि अकराच्या अकरा ‘समाधानी’. मी काय लिहिणार यावर? लिहिलं, ‘सुविधांबाबत तक्रार आढळली नाही.’ त्याच वर्षी मानव्यविद्या इमारतीतून ऐंशी उत्तरं आली होती. दुरुस्तीची यादी निघाली तेव्हा त्यांची इमारत वर गेली, तुमची यादीतच नव्हती.”

तक्रार आढळली नाही! विशाखा त्या ओळीकडं बघत राहिली. त्या अकरा जणांतली एक ती स्वतः होती. चहाचा कप हातात घेऊन तिनं दोन मिनिटांत जे ठोकून दिलं होतं, ते इथं छापून आलं होतं. देवणीकर सरांनी ते कुलूप लावलं नव्हतं, कुलगुरूंनीही नाही. पण ते उघडू नये म्हणून ज्यांनी हातभार लावला होता, त्यांत तिचाही हात होता. ऋतुजाचा तापानं लाल झालेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

वाचनालयाच्या पायरीवर बसून तिनं मोबाइल काढला आणि सर्वेक्षण उघडलं. बेचाळीस प्रश्न होते. मार्गदर्शकांबद्दलच्या प्रश्नांना तिनं चांगले गुण दिले, कारण सर खरोखरच चांगलं शिकवत. एकोणतिसावा प्रश्न आला : ‘स्वच्छतागृहाची सोय कशी आहे?’ सवयीनं तिचं बोट ‘समाधानी’कडंच गेलं. तिनं बोट उचललं आणि ‘अत्यंत असमाधानी’वर ठेवलं. शेवटच्या रिकाम्या चौकोनात तिनं लिहिलं, ‘आठ महिने कुलूप आहे. मुली पाणी पीत नाहीत. आमच्यातली एक दवाखान्यात आहे.’

ऋतुजाला तिनं दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. ऋतुजानं सलाइन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं मोबाइलवर भरलं. दोन झाल्या. अजून आठ तरी हव्या होत्या, आणि हातात दोन दिवस.

गुरुवारी विशाखा एकेकीला गाठून बोलली. कुणी ‘बघते’ म्हणालं, कुणी ‘त्यानं काय होणार?’ म्हणालं. जैवतंत्रज्ञानातली महादेवी तर हातच जोडायला लागली. उदगीरची ही मुलगी, तिचाही प्रबंध शेवटाला आलेला. “विशाखा, माझ्या घरात पहिल्यांदा कुणी एवढं शिकायलंय. मला यात ओढू नको.”

“ओढत नाही गं. पण महादेवी, एकटी बोलली तर ओळखू येते. दहा जणी बोलल्या तर कुणाकडं बोट दाखवणार? तू भरलंस की मी झाकली जाते, मी भरलं की तू.”

महादेवी ओढणी सावरत निघून गेली.

आणि साडेबाराला शिपाई आला. “विशाखा मॅडम, सरांनी बोलवलंय.”

सरांच्या केबिनपर्यंतचा तो व्हरांडा विशाखाला कधी एवढा लांब वाटला नव्हता. चार वर्षांची मेहनत, आईची पायपीट, सगळं त्या दाराआड एका पेनाच्या टोकावर उभं होतं.

“या. तुम्ही मुलींना काय सांगत फिरताय?” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

विशाखाला एक क्षण वाटलं, ‘काही नाही सर’ म्हणावं आणि सुटावं. तोंड उघडलंही त्यासाठी. पण निघालं ते वेगळंच.

“सर, सर्वेक्षण भरा म्हणून सांगते. चांगलं लिहा म्हणत नाही, वाईट लिहा म्हणत नाही. खरं लिहा म्हणते.”

“आणि खरं काय आहे?”

मग तिनं सांगितलं. कुलूप, मैदान, पाण्याचा पेला, ऋतुजाचं मूत्रपिंड. आपल्या वयाच्या मुलीनं सरांसमोर बोलू नये अशा गोष्टी बोलताना तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

सर ऐकत होते. त्यांचं स्वतःचं स्वच्छतागृह केबिनला लागूनच होतं. “आठ महिने?” त्यांनी विचारलं. “मला कुणी बोललं कसं नाही?”

“सर, अर्ज दिला होता, तो फाइलीत गेला. गेल्या सर्वेक्षणात आम्हीच ‘समाधानी’ लिहिलं. आता पुन्हा विचारलंय.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “जा तुम्ही,” एवढंच म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा तिला खात्री झाली होती, की सही गेली. जेवणाचा डबा तिनं उघडलाही नाही.

*

शुक्रवारी सकाळी देवणीकर सर प्रयोगशाळेत आले. सगळे उभे राहिले. त्यांनी बसा म्हणून हात केला.

“ऋतुजाला मी काल बघून आलो. तिची आई भेटली.” सर थांबले. “सोमवारी मी म्हणालो होतो, विभागाचं नाव राखा. ते वाक्य मी मागं घेतो. मुली आजारी पडून राखलेलं नाव मला नको! आज तीन ते साडेतीन कुणी प्रयोग लावायचा नाही. ज्याला सर्वेक्षण भरायचंय त्यानं भरा, ज्याला नाही त्यानं भरू नका. मी त्या वेळात इथं थांबणार नाही.”

आणि खरंच, तीनला सर इमारतीतूनच बाहेर निघून गेले.

तरीही विशाखाचा जीव टांगणीला होता. साडेचारला तिनं मालविका मॅडमना फोन केला. मॅडम फक्त आकडा सांगू शकत होत्या. “तिसरा मजला, मुली : नऊ.”

नऊ! एक कमी. विशाखानं व्हरांड्यात दोन येरझाऱ्या घातल्या. पावणेपाच झाले. जिन्यात महादेवी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. विशाखा तिच्याजवळ गेली नाही. जबरदस्तीनं काढलेलं उत्तर काय कामाचं? पाचला सात मिनिटं कमी असताना महादेवीच वर आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “भरलं मी. कुणाला सांगू नको.”

“नाही सांगत,” विशाखा म्हणाली, आणि तिथंच भिंतीला टेकून तिला रडू फुटलं.

मुदत संपली तेव्हा आकडा बारा होता. म्हणजे आणखी दोघींनी शेवटच्या घटकेला भरलं होतं. कोणत्या दोघी, ते आजही कुणाला माहीत नाही.

आदिनाथनंही भरलं. “माझ्यासारख्याला त्या मजल्यावर काही त्रास नव्हता,” तो ओशाळून म्हणाला, “म्हणून मला दिसलंच नाही.”

अहवाल मे महिन्यात आला. त्यात तिसऱ्या मजल्याचा वेगळा परिच्छेद होता. विभागप्रमुखांच्या बैठकीत तो दुसऱ्या कुणी वाचण्याआधी देवणीकर सरांनीच उभं राहून वाचला. जूनमध्ये खुर्च्या आणि संगणक भंगारात गेले, पाइप बदलला, दार उघडलं. सगळंच काही सुधारलं नाही. प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा अजून बंदच आहे आणि मैदानातल्या वाटेवर दिवे यायचे आहेत. ते पुढच्या सर्वेक्षणात येईल.

विशाखाच्या प्रबंधावर सरांनी सही केली ती त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी. सही झाल्यावर कागद तिच्याकडं सरकवत ते म्हणाले, “ही सही दोन महिने माझ्या आळसानं अडली होती. तुम्हाला काय काय वाटलं असेल, देव जाणे.”

वाचकहो, आपण कचेरीत, शाळेत, दवाखान्यात रोज कुरकुरतो. चहाच्या टपरीवर सगळ्या व्यवस्थेचा हिशेब मांडतो. पण कुणी कागद पुढं करून ‘बोला’ म्हटलं, की आपल्याला काम आठवतं, नाहीतर भीती. आपलं मौन मग कुणीतरी ‘समाधान’ म्हणून लिहून घेतं, आणि त्याची किंमत आपल्याहून लहान, आपल्याहून नवं माणूस भरतं. भीती खोटी नसते. पण ती वाटून घेतली की तिचा भार उतरतो. तुमच्या मुलाला, मुलीला विद्यापीठाकडून असा एखादा ई-मेल आला, तर त्यांना एवढंच सांगा : विचारलंय ना, मग सांग. खरं सांग, आणि शेजारच्यालाही सांगायला लाव.